मण्यांवर मोजलेला श्वास

धाकट्या बहिणीचं बाळ सातव्या महिन्यातच झालं, तेव्हा मी शाळा सुटली की वाडीहून नागपूरच्या दवाखान्यात जायचो. बाळ काचेच्या पेटीत, व्हेंटिलेटरवर. कानात अजान द्यायची राहिलेली. अब्बा बाहेर बाकावर तसबीह घेऊन बसलेले. नर्सताई म्हणाल्या, "बाळ मशीनशी भांडतंय." बाळ वाचलं, अजानही झाली, पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

हे भांडण जुनं आहे. तान्ह्या बाळांची सुरुवातीची मशीनं घड्याळावर चालत. मिनिटाला 40 श्वास म्हणजे दर दीड सेकंदाला एक, बाळाची तयारी असो वा नसो. बाळ श्वास सोडत असतानाच हवा ढकलली गेली तर छातीतला दाब वाढतो, नाजूक फुप्फुस फाटू शकतं. कधी तर औषध देऊन बाळालाच निश्चल करत! 1970 च्या सुमारास अमेरिकेत किर्बी आणि सहकाऱ्यांनी नळीत हवा सतत वाहती ठेवली. त्यामुळे मशीनच्या दोन श्वासांमध्ये बाळाला स्वतःचा श्वास घेता येऊ लागला. बाळाची हालचाल ओळखून मगच हवा देणारी मशीनं त्यानंतरची.

आता आपल्या विदर्भातली गोष्ट. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेपुढे प्रश्न होता की, साठपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईनं बाळाचा श्वास मोजायचा कसा? त्यांनी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन बनवलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनियाचा संशय. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी मर्यादा मिनिटाला 60 श्वासांची. वाचताना मला अब्बांची तसबीह आठवली. पुढे 39 गावांत आरोग्यदूत बायका जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास देऊ लागल्या. आजारी बाळांवर घरीच उपचार होऊ लागले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा, 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

2011 पासून घरी जाऊन नवजात बाळ तपासायचं काम देशभर आशाताईंकडे आलं. आमच्या गल्लीतल्या आशाताई बाळाच्या पोटावरचा कपडा बाजूला करतात, घड्याळ समोर धरतात आणि घरातल्या सगळ्यांना एक मिनिट गप्प बसायला सांगतात.