गंगापूर रस्त्याची थंडी आणि मोटारगाडी

नाशिकच्या अशोकस्तंभापासून निघून आनंदवल्ली, सोमेश्वर आणि गंगापूर यांना स्पर्श करीत धरणाकडे जाणारा गंगापूर रस्ता एके काळी खऱ्या अर्थाने परगावचा रस्ता होता. पेशवे घराण्यातील राघोबादादांच्या वास्तव्याने नावारूपास आलेली आनंदवल्ली आणि त्याच घराण्यातील गोपिकाबाईंनी उत्तरायुष्यात मुक्कामासाठी निवडलेले गंगापूर ही दोन्ही स्थळे कसब्यापासून अलग होती, आणि 1965 साली गोदावरीवरील मातीचे धरण पुरे झाले, तेव्हाही तिकडे जाणाऱ्या वाहनास शेतीवाडीमधून सलग वाटचाल करावी लागे.

समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवरील या मुलखात हिवाळा नावापुरता येत नाही. 7 जानेवारी 1945 रोजी नाशकातील पारा 0.6 अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे, आणि निफाडकडील द्राक्षबागाईतदार कडाक्याच्या थंडीत आजही पहाटे बागांतून शेकोट्या पेटवून घडांची राखण करतात. अशा प्रभातकाळी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट किंवा पद्मिनी चालू करणे ही एक विद्याच होती. तेल घट्ट झालेले, पेट्रोलची वाफ नीट होत नसलेली आणि शिशाच्या बॅटरीचा जोर ओसरलेला. म्हणून चोक ओढावा, तेवढ्याने न भागल्यास शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाक घालून धक्का मारावा, जुन्या गाड्यांना तर हँडल मारावे, आणि डिझेलची गाडी असल्यास हीटर तापेपर्यंत किल्ली धरून स्वस्थ बसावे, असा तो परिपाठ होता.

पुढे सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत डिझेल इंजिनाचे सूक्ष्म सुटे भाग घडविणारी ‘मायको’ आणि महिंद्राचा मोटार कारखाना उभे राहिले, आणि थंड इंजिनाची ही चिंता नाशिककरांच्या उपजीविकेचाही विषय झाली. महिंद्राच्या याच कारखान्याशी जिचे नाव निगडित आहे त्या स्कॉर्पिओची ‘इंटेलि-हायब्रिड’ आवृत्ती 2016 साली आली. वाहन थांबताच इंजिन आपोआप बंद करून इंधन वाचविणे हे अशा सौम्य हायब्रिडचे एक मुख्य साधन; परंतु इंजिन पुरेसे तापलेले नसले किंवा बॅटरीत पुरेसा भार नसला, तर ही यंत्रणा इंजिन बंद करण्याचे टाळते, आणि थंडीच्या सकाळी सिग्नलवरही ते धडधडत राहते.

इंजिनासोबत विजेच्या मोटारीवरही धावणाऱ्या पूर्ण हायब्रिडची गोष्ट याहून खोल आहे. 1997 साली जपानात टोयोटाची प्रियस अवतरली आणि त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगपरंपरेशी टोयोटाची भागीदारी होऊन कर्नाटकात कंपनी स्थापन झाली; तिथून 2022 नंतर आलेल्या हायक्रॉससारख्या गाड्या आज या रस्त्यावर दिसतात. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो, आणि भार घेण्याची तिची शक्ती घटते; म्हणून ब्रेक लावताना परत मिळू शकणाऱ्या ऊर्जेचा काही अंश वाया जातो. शिवाय इंजिन, उत्प्रेरक आणि गाडीतील हवा तापविण्यासाठी इंजिनास अधिक वेळ चालावे लागते. ज्या काळात ते स्वस्थ राहून इंधन वाचवायचे, नेमका तोच काळ नाहीसा होतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार 25 अंशांच्या तुलनेत उणे 7 अंशांत शहरी वाहतुकीतील साध्या पेट्रोल गाडीचे मायलेज सुमारे 15 टक्क्यांनी आणि आखूड फेऱ्यांत 24 टक्क्यांपर्यंत घसरते, तर हायब्रिडचे 30 ते 34 टक्क्यांनी.

नाशकात उणे 7 अंश कधीच येत नाहीत, तेव्हा ही घट इथे इतकी तीव्र होणार नाही. मला अधिक चिंता वाटते ती आखूड फेऱ्यांची. 1982 साली महानगरपालिका स्थापन झाल्यानंतर जुन्या गंगापूर नाक्यापलीकडची मोकळी जमीन वसाहतींनी, शाळांनी आणि दुकानांनी भरून गेली. परगावचा रस्ता घरगुती रस्ता झाला. जेहान सर्कलपासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून घरापर्यंत जाणारी गाडी इंजिन तापण्यापूर्वीच थांबते, दोन तासांनी थंड होऊन पुन्हा निघते, आणि प्रत्येक वेळी ती ऊब आणण्याचा खर्च नव्याने भरते. धरणाकडे एकदम जाणाऱ्या गाडीस हा खर्च एकदाच पडतो. मायलेज घसरल्याची तक्रार करणाऱ्या मालकाने म्हणूनच आधी टायरमधील हवा तपासावी, कारण ती थंडीने कमी होते. मग आपल्या फेऱ्या मोजाव्यात, आणि बॅटरीला दोष देण्याची घाई करू नये.