संपर्कखंड, फाइल-प्रेषणातील

संपर्कखंड, फाइल-प्रेषणातील : एका संगणकातील फाइल दुसऱ्या संगणकाकडे जात असताना मधला संदेशमार्ग तुटणे, अडणे किंवा मुळात जुळूच न शकणे, यास संपर्कखंड म्हणतात. मार्ग तुटणे ही नित्याची घटना असून तीवरचा पहिला उपाय पुन्हा जोडणी करणे हा होय. त्याहून अवघड असे दोन प्रश्न आहेत. मजकूर संपला की मध्येच तुटला, हे ग्राहक टोकाला कसे कळावे. आणि आपला मजकूर पोहोचला की नाही, हे प्रेषक टोकाला कसे कळावे? अपुरी फाइल पूर्ण समजली गेली, तर हिशेबाच्या नोंदी गळतात किंवा आज्ञावली चुकीची चालते. पोहोचलेला मजकूर न पोहोचलेला समजून पुन्हा पाठविला, तर एकच नोंद दोनदा होते. फाइल-प्रेषणाच्या नियमांचा इतिहास हा मुख्यतः या दोन प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास आहे.

मुंबईच्या पश्चिम उपनगरांचा किनारा या इतिहासाशी दोन प्रकारे निगडित आहे. मालाडच्या खाडीच्या मुखाशी उत्तरेस मढ व दक्षिणेस वेसावे ऊर्फ वर्सोवा ही कोळी वस्तीची गावे समोरासमोर असून त्यांच्यामध्ये तरीची वाहतूक चालते. वेसाव्याच्या दक्षिणेस असलेल्या जुहू येथून १९८० नंतरच्या दशकात भारतातील संगणक-जाळ्याचे आरंभीचे प्रयोग झाले. पुढे वेसाव्याचा किनारा हे समुद्राखालील आंतरराष्ट्रीय केबली जमिनीवर येण्याचे देशातील एक प्रमुख ठिकाण बनले.

तारायंत्राचा काळ : संगणकांच्या कितीतरी आधी तारखात्याला हेच प्रश्न सोडवावे लागले. भारतात सार्वजनिक तारसेवा १८५५ मध्ये सुरू झाली. इराणच्या आखातातून जाणाऱ्या मार्गाने १८६५ मध्ये यूरोपशी संबंध जुळला. परंतु अनेक देशांच्या तारघरांतून हाती लिहून पुढे पाठविला जाणारा संदेश पोहोचेपर्यंत कित्येक दिवस लागत व मजकूर पुष्कळदा विकृत होई. ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजाने १८७० मध्ये मुंबई–एडन ही समुद्री केबल टाकली आणि त्याच वर्षी मुंबई व इंग्लंड यांच्यात मुख्यतः समुद्रमार्गे तारसंबंध सुरू झाला.

तार पाठविताना मजकुराच्या आधी त्यातील शब्दांची संख्या कळविण्याची पद्धत होती. घेणारा कारकून हाती आलेले शब्द मोजून ती संख्या ताडून पाही; फरक पडल्यास तो तार पुरी झाल्याची पोच न देता विचारणा करी. आकडे शेवटी पुन्हा उच्चारून घेतले जात आणि जादा आकार भरल्यास संपूर्ण तारेचा फेरताळाही करून मिळे. कापसाच्या व सराफीच्या व्यापारात खर्च वाचविण्यासाठी सांकेतिक शब्द वापरीत. त्यांत एक अक्षर बदलले, तर खरेदीची विक्री होण्याची भीती असे. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या संकेतकोशांत कोणत्याही दोन शब्दांत निदान दोन अक्षरांचा भेद ठेवण्याचा प्रघात पडला. त्यामुळे एका अक्षराची चूक कोशात न सापडणाऱ्या शब्दाच्या रूपाने उघडी पडे. मोजणी, पडताळा, पोच व फेरप्रेषण ही चारही साधने अशा रीतीने संगणकपूर्व काळातच रूढ झालेली होती.

नियमावलींचा विकास : संगणकांमधील फाइल-प्रेषणाची पहिली महत्त्वाची नियमावली अमेरिकेतील ‘अर्पानेट’ या जाळ्यासाठी एप्रिल १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. ती अभय भूषण यांनी लिहिली. ते अलाहाबादचे असून कानपूरच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेचे पदवीधर होत व त्या वेळी मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत काम करीत होते. ‘एफटीपी’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या नियमावलीचे स्थिर रूप ऑक्टोबर १९८५ मध्ये निश्चित झाले. तीत आज्ञा व उत्तरे यांसाठी एक मार्ग आणि मजकुरासाठी दुसरा मार्ग असतो. त्यामुळे मजकुराचा मार्ग तुटला, तरी काय घडले हे सांगण्यास पहिला मार्ग शिल्लक राहू शकतो. प्रत्येक उत्तर तीन अंकी असून पहिल्या अंकावरून त्याचा वर्ग कळतो. ४ ने सुरू होणारे उत्तर तात्पुरता दोष दर्शविते : उदा., मजकुराचा मार्ग उघडता येत नाही (४२५), प्रेषण मध्येच बंद पडले (४२६). ५ ने सुरू होणारे उत्तर कायमचा दोष दर्शविते : उदा., मागितलेली फाइल उपलब्ध नाही (५५०). पहिल्या प्रकारात थोड्या वेळाने तीच आज्ञा पुन्हा देणे योग्य ठरते. दुसऱ्या प्रकारात ती कितीही वेळा दिली, तरी व्यर्थ होय.

या नियमावलीच्या सर्वांत प्रचलित पद्धतीत एक उणीव होती. मजकूर संपल्याची खूण म्हणजे मार्ग बंद करणे हीच होती. त्यामुळे केवळ मजकुराच्या मार्गाकडे पाहणाऱ्याला शेवट आणि तूट सारखीच दिसत. पहिल्या मार्गावरून पूर्णतेचा निरोप येईपर्यंत फाइल पुरी न मानणे व शक्य असल्यास तिची लांबी आधी विचारून घेणे, हाच त्यावर उपाय होता. तारेच्या शब्दसंख्येचे तत्त्वच येथे बाइटसंख्येच्या रूपाने पुन्हा आले. जेथे तूट झाली तेथूनच पुढे सुरू करण्याची सोय १९८५ च्या मानकात काही पद्धतींपुरतीच होती. सर्वसामान्य पद्धतीसाठी ती आधी व्यवहारात रुळली व लेखी मानकात २००७ मध्ये आली.

दूरध्वनीवरून फाइली पाठविण्याची साधने स्वतंत्रपणे वाढली. वॉर्ड क्रिस्टेनसेन यांच्या ‘एक्समोडेम’मध्ये (१९७७) १२८ बाइटांचे गट व प्रत्येक गटासोबत पडताळ्याचा अंक असे, गट बरोबर आल्यास पोच, अन्यथा नकार मिळे. चक फोर्सबर्ग यांच्या ‘झेडमोडेम’मध्ये (१९८६) तुटलेली फाइल राहिल्या जागेपासून पुढे नेण्याची सोय होती.

जुहू येथील कार्य : शैक्षणिक व संशोधन संस्थांना जोडणारे ‘अर्नेट’ हे जाळे उभारण्याचे काम इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये हाती घेतले. त्यात जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र, पाच भारतीय तंत्रविद्या संस्था, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था व खुद्द विभाग यांचा समावेश होता. केंद्राचे संचालक श्रीनिवासन रमणी होते. १९८६-८७ मध्ये जुहूचे केंद्र व पवईची तंत्रविद्या संस्था यांच्यात दूरध्वनीमार्गे संगणकीय टपालाची देवघेव सुरू झाली.

यासाठी ‘यूयूसीपी’ ही बेल प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या दशकात तयार झालेली पद्धत वापरली गेली. मार्ग सतत उपलब्ध असेल, हे ती गृहीतच धरीत नाही. जाणारा मजकूर प्रथम स्थानिक संगणकावर रांगेत साठतो. ठराविक वेळी दूरध्वनी जोडला जातो. जोडणी न झाल्यास तशी नोंद होऊन काही काळाने पुन्हा प्रयत्न होतो. मजकूर लहान गटांत जातो व प्रत्येक गटाचा पडताळा घेतला जातो. ग्राहक टोकाला येणारी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहिली जाते आणि पुरी झाल्यावरच तिला खरे नाव मिळते. अर्धवट फाइल पूर्ण फाइलीच्या जागी बसू नये, यासाठीची ही साधी खबरदारी आजही अनेक आज्ञावलींत आढळते. आरंभीच्या ‘यूयूसीपी’त मात्र तुटलेली फाइल पहिल्यापासून पाठवावी लागे.

या मर्यादेचा परिणाम एका उदाहरणावरून ध्यानात येईल. त्या काळी प्रचलित असलेल्या सेकंदाला १,२०० बिट वेगाच्या मोडेममधून सेकंदाला सु. १२० अक्षरे जात. म्हणजे एक लाख अक्षरांच्या फाइलीस सु. १४ मिनिटे लागत. मार्ग सरासरी दर १० मिनिटांनी, पण अनियमितपणे तुटत असेल, तर अशी फाइल चारांपैकी सु. एकाच प्रयत्नात सलग पोहोचेल. ५० मिनिटांची फाइल शंभर प्रयत्नांत एकदा पोहोचणेही कठीण. त्याच फाइलीचे पाच-पाच मिनिटांचे भाग केले, तर प्रत्येक भाग पाचांपैकी सु. तीन प्रयत्नांत जाईल आणि झालेले काम वाया जाणार नाही. आंतरराष्ट्रीय दूरध्वनीचा आकार वेळेनुसार पडत असल्याने हा प्रश्न खर्चाचाही होता.

जुहूच्या केंद्राचा परदेशाशी संबंध प्रथम ॲम्स्टरडॅम येथील गणित व संगणकविद्या केंद्राशी जुळला. १९८९ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत सेकंदाला ९,६०० बिट वेगाचा भाड्याचा कायम मार्ग मिळाला व १९९२ मध्ये तो ६४,००० बिटांचा झाला. विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी आंतरजाल-सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. पुढे जुहूचे केंद्र प्रगत संगणन विकास केंद्रात विलीन झाले.

फेरप्रयत्नाची मर्यादा : पोच ठराविक मुदतीत आली नाही, तर मजकूर पुन्हा पाठवावा, हा नियम सोपा असला, तरी मुदत किती असावी हे ठरविणे कठीण असते. मुदत फार मोठी ठेवल्यास वेळ वाया जातो. फार लहान ठेवल्यास केवळ उशीर झालेली पोच हरवली असे समजून अनावश्यक प्रती धाडल्या जातात. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात सु. ४०० यार्ड अंतरावरील दोन संस्थांमधील प्रेषणवेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. गर्दीमुळे पोच लांबत होती, लांबलेल्या पोचेमुळे फेरप्रेषण वाढत होते आणि त्याने गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये सुचविलेल्या सुधारणांनुसार प्रेषक वेग आपणहून कमी करतो, प्रत्यक्ष विलंब मोजून मुदत ठरवितो व प्रत्येक अपयशानंतर ती वाढवीत नेतो. फाइल-प्रेषणाच्या आज्ञावलीही दोन प्रयत्नांतील अंतर असेच वाढवितात.

मढ–वेसाव्याचा समुद्र : खंडांतरीच्या संदेशवहनाचा फार मोठा भाग समुद्रतळावरील प्रकाशीय तंतूंच्या केबलींतून जातो. जगभरातील केबल-तुटींचे सर्वांत मोठे कारण मासेमारीची साधने व जहाजांचे नांगर हे आहे. मढ–वेसाव्याच्या परिसरात डोल जाळ्याने बोंबील इ. मासे धरण्याची परंपरा असून ही जाळी तळाशी पक्की बांधून प्रवाहात ताणलेली असतात. उथळ पाण्यात केबल तळाखाली पुरून संरक्षिली जाते. तरी एकाच किनाऱ्यावर अनेक केबली एकवटल्याने मोठ्या अपघाताचा धोका राहतोच.

तूट दूर घडली, तरी तिचा परिणाम येथे जाणवतो. ३० जानेवारी २००८ रोजी ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या व भारताच्या पश्चिमेकडील आंतरजाल-वाहतुकीचा मोठा भाग खंडित झाला. वाहतूक पूर्वेकडील लांबच्या मार्गांनी वळवावी लागली. मार्ग पूर्ण बंद नसूनही विलंब वाढल्याने अनेक आज्ञावलींची मुदत संपून त्या संपर्कदोष दाखवू लागतात, ही अशा प्रसंगांची नेहमीची खूण होय.

पोच हरवण्याचा प्रश्न : मजकूर पोहोचला, पण पोच परतताना हरवली, तर प्रेषकाला खात्री कधीच मिळू शकत नाही, कारण पोचेचीही पोच मागितली, तर तीही हरवू शकते. म्हणून प्रत्येक गटाला वा व्यवहाराला क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आल्यास ग्राहक टोक नवी नोंद न करता केवळ पोच देते व फेरप्रेषण निरुपद्रवी ठरते. पैशांच्या व्यवहारांत याला विशेष महत्त्व आहे. एका खात्यातून रक्कम वजा झाली, पण दुसऱ्यात जमा झाली नाही, अशा अवस्थेसाठी भारतीय रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने रक्कम परत करण्याच्या मुदती व विलंबाबद्दल दिवसाला १०० रुपये भरपाई ठरवून दिली. संपर्कखंडाचे ओझे ग्राहकावर न टाकता ते व्यवस्थेने वाहावे, हे तत्त्व त्यायोगे नियमात उतरले.