पंडित, सखाराम गणेश

पंडित, सखाराम गणेश : (१८७५–१९५९). अमेरिकेतील भारतीय स्थलांतरितांच्या नागरिकत्वासाठी न्यायालयात लढलेले भारतीय वंशाचे वकील. ते १९०६ मध्ये अमेरिकेत गेले आणि १९१४ मध्ये तेथील नागरिक झाले. पुढे त्यांनी कॅलिफोर्नियात वकिली केली.

१७९० च्या कायद्यान्वये ‘मुक्त गोऱ्या’ व्यक्तींनाच नागरिकत्व मिळे. भारतीय माणूस गोरा ठरतो की नाही, हा मग न्यायालयीन वादाचा विषय झाला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेले भगतसिंग थिंड यांची बाजू पंडितांनी मांडली. वांशिकदृष्ट्या ‘कॉकेशियन’ असल्याने भारतीय गोरे ठरतात, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये फेटाळला. सामान्य माणसाची समजूत प्रमाण मानली. तीनच महिन्यांपूर्वीच्या ओझावा निकालात मात्र ‘गोरा’ म्हणजे ‘कॉकेशियन’ असेच याच न्यायालयाने म्हटले होते (पहा : ओझावा खटला, थिंड खटला).

त्यानंतर सरकारने भारतीयांचे नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली.

खुद्द पंडितांवरही खटला भरला गेला. या वेळी मुद्दा वंशाचा नव्हता : त्यांना नागरिकत्व देणारा १९१४ चा न्यायालयीन निकाल अंतिम असून तोच वाद पुन्हा उकरता येत नाही, असे अपील न्यायालयाने १९२६ मध्ये ठरवले. नागरिकत्व टिकले. भारतीयांना ते मिळण्याचा मार्ग १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने खुला झाला (पहा : नागरिकत्व).