चार आणि चार : १९०५ सालच्या दोन संस्था आणि सभासद टिकवण्याचा प्रश्न

१/ १९०५ हे साल आपल्याकडे वंगभंगासाठी आणि स्वदेशीच्या चळवळीसाठी लक्षात ठेवले जाते. त्याच वर्षी, चार महिन्यांच्या आत, जगाच्या दोन टोकांना दोन संस्था जन्माला आल्या. एक शिकागोत, दुसरी पुण्यात. दोन्हींच्या स्थापनेला माणसे होती चार-चारच. पुढे दोन्ही संस्था लोकसेवेसाठी ओळखल्या गेल्या, आणि दोन्हींना एकाच प्रश्नाने ग्रासले : आलेला माणूस टिकवायचा कसा?

२/ २३ फेब्रुवारी १९०५. शिकागोतील युनिटी बिल्डिंग, खोली क्रमांक ७११. वकील पॉल हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाण अभियंता गुस्ताव्हस लोअर आणि कपड्यांचे व्यापारी हायरम शोरी एकत्र बसले. हॅरिस लहान गावात वाढलेले. अफाट शहरात ओळखीचे चेहरे पुष्कळ, मित्र मात्र कोणी नाही, ही त्यांची खंत होती. त्या बैठकीतून रोटरी क्लब उभा राहिला.

३/ १२ जून १९०५. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजजवळच्या टेकडीवर गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्वतः शपथ घेतली आणि मग तिघांना दिली. ते तिघे म्हणजे नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन. अशा रीतीने सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजेच भारत सेवक समाज, स्थापन झाला.

४/ शिकागोचे चौघे मैत्रीसाठी जमले होते, पुण्याचे चौघे आयुष्य वाहून टाकण्यासाठी. एका दारातून आत जाणे सोपे, दुसऱ्यातून अत्यंत कठीण. या दोन्ही दारांमागे पुढे काय घडले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. मात्र पुण्याची कथा समजण्यासाठी आधी पंचवीस वर्षे मागे जावे लागते.

५/ १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. लवकरच गोपाळ गणेश आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. संस्थेचा कणा होते तिचे आजीव सभासद. तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे शिकवण्याचे वचन त्यांनी दिले होते. तरुण गोखलेही त्यांत सामील झाले.

६/ ही त्यागाची शिस्त काही वर्षांतच ताणली गेली. वेतन वाढवावे काय? आजीव सभासदाने बाहेरची कामे आणि बाहेरचे उत्पन्न स्वीकारावे काय? टिळकांचे मत कठोर होते : संस्थेला वाहिलेला वेळ आणि कष्ट संस्थेचेच. सामाजिक सुधारणेविषयीच्या मतभेदांनी हा वाद अधिकच पेटला. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले आणि ठिणगी पडली.

७/ त्याच वर्षी टिळकांनी राजीनामा दिला. संस्थेच्या जनकांपैकी एक, तिचा सर्वांत प्रखर सभासद, तिच्यातून बाहेर पडला. कारण भांडवलाचे नव्हते, विद्यार्थीसंख्येचेही नव्हते. एका साध्या प्रश्नाचे उत्तर आरंभीच सर्वांच्या मनात एकसारखे नव्हते : 'सभासद' या शब्दाचा अर्थ नेमका काय?

८/ गोखल्यांनी वीस वर्षांची सेवा जवळपास पूर्ण करून १९०२ मध्ये फर्ग्युसनचा निरोप घेतला. तीन वर्षांनी त्यांनी आपल्या नव्या संस्थेची घटना लिहिली. ती वाचताना १८९० ची जखम त्यांच्या स्मरणात असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही. पूर्वी जे गृहीत धरले गेले आणि ज्यावरून वाद झाले, ते या वेळी शपथेतच लिहिले गेले.

९/ शपथेची कलमे सात. देशाचा विचार सर्वांत आधी करावा. सेवेतून स्वतःचा लाभ साधू नये. जात आणि पंथ न पाहता सर्व भारतीयांना बंधू मानावे. संस्था कुटुंबाच्या निर्वाहाची जी तजवीज करील तीत समाधान मानावे आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्चू नये. आचरण शुद्ध ठेवावे. कोणाशी वैयक्तिक भांडण करू नये. संस्थेचे हित कधीही दृष्टीआड होऊ देऊ नये.

१०/ शपथेनंतर पाच वर्षांची उमेदवारी असे. तिचा काही काळ पुण्यात अभ्यासात आणि काही काळ देशभर प्रवासात जाई. म्हणजे उत्साहाने आलेल्या तरुणाला आधी वाचायचे होते, पाहायचे होते आणि थांबायचे होते. संख्या वाढवण्याची घाई गोखल्यांना नव्हती. संस्था लहानच राहिली.

११/ आता पुन्हा शिकागो. हॅरिस यांच्या क्लबात एका व्यवसायातील एकच माणूस घेतला जाई : एक वकील, एक कोळसा व्यापारी, एक छापखानेवाला. त्यामुळे सभासदांत स्पर्धा नसे आणि एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून देणे सोपे जाई. बैठक आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत भरे. या फिरत्या पद्धतीवरूनच 'रोटरी' हे नाव पडले.

१२/ पण परस्परांच्या धंद्यावर मैत्री किती काळ जगणार? संस्थापक चौघांपैकी लोअर आणि शोरी थोड्याच वर्षांत क्लबापासून दूर झाले. बैठका कंटाळवाण्या होऊ नयेत म्हणून हॅरी रगल्स या मुद्रकाने सभासदांना एकत्र गाणी म्हणायला लावले. ही प्रथा पुढे अनेक क्लबांत रुजली. गाण्याने संध्याकाळ रंगत असे, मात्र क्लब कशासाठी आहे याचे उत्तर गाण्यात नव्हते.

१३/ ते उत्तर मागणारा माणूस १९०६ मध्ये भेटला. डोनाल्ड कार्टर हे पेटंटविषयक वकील. सभासद होण्याचे निमंत्रण त्यांनी नाकारले. ज्या संस्थेपासून सभासदांखेरीज कोणाचाच फायदा होत नाही ती टिकणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. क्लबाने रागावण्याऐवजी त्यांनाच सुधारणा सुचवण्यास सांगितले. शहराच्या हिताचे काम हा उद्देश घटनेत आला आणि कार्टर सभासद झाले.

१४/ पहिले मोठे काम कोणते? सार्वजनिक स्वच्छतागृह. १९०७ पासून क्लबाने नगरभवनाजवळ ते बांधले जावे म्हणून खटपट चालवली. दारूगुत्त्यांचे आणि बड्या दुकानांचे हितसंबंधी विरोधात उभे राहिले. पुरुषांसाठी गुत्त्यांत आणि स्त्रियांसाठी दुकानांत सोय आहेच, असे ते म्हणत. सोय होती, पण आत जाणाऱ्याने काही विकत घ्यावे ही अपेक्षाही होती. अखेर स्वच्छतागृह उभे राहिले. व्यापाऱ्यांच्या या मंडळाला प्रथमच स्वतःच्या धंद्याबाहेरचे काम मिळाले.

१५/ कामासोबत शिस्तही आली. सबळ कारणाशिवाय लागोपाठ चार बैठका चुकवणाऱ्याचे सभासदत्व संपुष्टात येई, असा नियम रोटरीत अनेक दशके राहिला. त्याला एक चतुर जोडही होती : आपल्या क्लबाची बैठक चुकली तर दुसऱ्या कोणत्याही क्लबाच्या बैठकीस जाऊन ती भरून काढता येई. त्यामुळे शिक्षेच्या नियमातून परगावी नव्या ओळखी जोडण्याची वाट निघाली.

१६/ पुण्यात हजेरीचा प्रश्न नव्हता. तेथे प्रश्न निराळा होता : आयुष्यभराची शपथ घेतलेल्या माणसाचे मन पंधराव्या, विसाव्या वर्षीही कामात कसे राहावे? याचे उत्तर शपथेच्या कलमांत नाही, सभासदांच्या चरित्रांत आहे. भारत सेवक समाजाने आपल्या माणसांना स्वतंत्र संस्था काढू दिल्या आणि त्यांत रमू दिले.

१७/ देवधरांनी १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्यासह पुणे सेवासदनाच्या उभारणीत भाग घेतला. नारायण मल्हार जोशी १९०९ मध्ये समाजात आले आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावातील कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने ही तिची कामे. याच वाटेने जोशी १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेपर्यंत पोहोचले.

१८/ अमृतलाल ठक्कर मुंबई महापालिकेत अभियंता होते. सफाई कामगारांच्या वस्त्यांचे हाल त्यांनी तेथेच पाहिले. १९१४ मध्ये नोकरी सोडून ते भारत सेवक समाजात दाखल झाले. १९२२ मध्ये त्यांनी दाहोद भागात भिल्ल सेवा मंडळ सुरू केले. लोक त्यांना 'ठक्करबाप्पा' म्हणू लागले. ही पदवी कोणत्याही घटनेत लिहिलेली नव्हती, ती कामातून मिळाली होती.

१९/ हृदयनाथ कुंझरू १९०९ मध्ये समाजात आले. १९३६ मध्ये ते अध्यक्ष झाले आणि १९७८ मध्ये निधन होईपर्यंत संस्थेशी जोडलेले राहिले. जवळपास सात दशके! इतका दीर्घ सहवास शपथेच्या धाकाने टिकत नाही. त्यासाठी रोज सकाळी उठून करण्याजोगे काही हाती असावे लागते.

२०/ तरीही अरुंद दाराची किंमत असतेच. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले. मोहनदास गांधी यांनी समाजात यावे अशी गोखल्यांची इच्छा होती, आणि गांधींनी तसा अर्जही केला. सभासदांत दोन तट पडले. गांधींचे विचार आणि कार्यपद्धती समाजाहून फार वेगळी आहे, हे काहींना स्पष्ट दिसत होते. कोणाची अडचण होऊ नये म्हणून अखेर गांधींनीच अर्ज मागे घेतला.

२१/ इथे घाईने निवाडा देणे बरोबर नव्हे. गांधींना घेतले असते तर समाज मोठा झाला असता, पण तो गोखल्यांचा समाज राहिला असता काय? १८९० मध्ये एकाच छपराखाली दोन प्रबळ मते नांदवण्याचा प्रयत्न फसला होता. १९१५ मध्ये तो प्रसंग दारातच टळला. कटुता मात्र उरली नाही, आणि याचा पुरावा त्याच वर्षीच्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात सापडतो.

२२/ मेळ्यात समाजाचे स्वयंसेवक पथक कुंझरूंच्या नेतृत्वाखाली काम करीत होते. आरोग्याची व्यवस्था डॉ. देव यांच्याकडे होती. शौचासाठी खणलेल्या खड्ड्यांची व्यवस्था पाहण्यास त्यांना पगारी सफाई कामगारांवर विसंबावे लागे. गांधींच्या फिनिक्स मंडळीने ते काम मागून घेतले : मैल्यावर माती लोटायची आणि त्याची विल्हेवाट लावायची. सभासदत्वावरून मतभेद झाले, पण कामावरून झाले नाहीत.

२३/ रुंद दारालाही मर्यादा होत्या. हजारो क्लब निघाले, १९१९ मध्ये कोलकात्यात आणि १९२९ मध्ये मुंबईत रोटरी आली. परंतु स्त्रियांना जगभरातील क्लबांचे दार अधिकृतपणे उघडायला १९८९ उजाडले. आणि क्लब वाढला तसा जुना आक्षेपही पुन्हा पुन्हा परतला : जेवण, भाषण, हजेरी. पुढे काय?

२४/ त्या आक्षेपाला सर्वांत ठोस उत्तर १९८५ मध्ये मिळाले, जेव्हा रोटरीने पोलिओ निर्मूलन हे जागतिक कार्य म्हणून हाती घेतले. भारतात सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि घरोघरी डोस पाजणाऱ्या असंख्य कार्यकर्त्यांबरोबर क्लबांचे सभासदही उतरले. जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात देशातील शेवटचा रुग्ण आढळला. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले.

२५/ दोन्ही कथा एकत्र ठेवल्या की एक गोष्ट दिसते. शपथ, उमेदवारी, हजेरी, गाणी, भोजन ही सारी संस्थेची कुंपणे आहेत. कुंपणाने शेताची हद्द कळते, पीक मात्र पेरल्याशिवाय येत नाही. शिकागोत पीक आले ते स्वच्छतागृहाच्या खटपटीपासून. पुण्यात ते आले रात्रशाळांतून आणि भिल्ल वस्त्यांतून.

२६/ आज महाविद्यालयातील सेवा योजनेपासून गल्लीतील मंडळापर्यंत सर्वत्र एकच तक्रार ऐकू येते : पहिल्या महिन्यात पन्नास जण येतात, सहाव्या महिन्यात पाच उरतात. उपाय म्हणून नवा नियम केला जातो किंवा नवी सहल काढली जाते. इतिहास त्याआधी दोन प्रश्न विचारायला सांगतो. 'सभासद' म्हणजे काय, हे पहिल्या दिवशी सर्वांना सारखेच समजले होते काय? आणि गळून गेलेल्या पंचेचाळीस जणांपैकी प्रत्येकाच्या हाती, तो नसता तर अडून राहिले असते असे कोणते काम दिले गेले होते?