पत्र पावल्याची मिती

उज्जैनच्या माधवनगरात, ज्याला गावातले लोक फ्रीगंज म्हणूनच ओळखतात, टावर चौक आहे. घड्याळाचा एक मनोरा तेथे उभा आहे आणि त्याच्या भोवती सकाळपासून रात्रीपर्यंत माणसांचा व वाहनांचा ओघ चालू असतो. प्रस्तुत लेखकाची वकिलीची कचेरी या चौकापासून हाकेच्या अंतरावर आहे. मनोऱ्याचे घड्याळ येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांना दिसते. परंतु आपल्या मेजावर आलेल्या पत्रास किती दिवस लोटले, हे दाखविणारे घड्याळ मात्र कोठेच टांगलेले नसते. ही गोष्ट मला एका खटल्याने शिकविली.

एका देवस्थानचे वकीलपत्र माझ्याकडे होते. देवाच्या जागेतील भाडेकरूसंबंधीच्या दाव्यात खालच्या कोर्टाचा निकाल देवस्थानच्या विरुद्ध गेला. जिल्हा न्यायालयात अपील करावयाचे तर मुदतीच्या कायद्याप्रमाणे अवघे ३० दिवस. देवस्थानच्या वृद्ध चिटणिसांनी विश्वस्तांचा ठराव आणि सर्व कागद ईमेलने मला पाठविले आणि ते निश्चिंत झाले. ती ईमेल माझ्या टपालात पोचली. पण तिच्यावर आणखी शेकडो पत्रांचा थर चढला. बँकांची, सभासंमेलनांची, जाहिरातींची, माझ्याशी काडीमात्र संबंध नसलेल्या प्रकरणांच्या प्रतींची! मी ती उघडली तेव्हा मुदत उलटून अकरा दिवस झाले होते.

विलंब माफ व्हावा म्हणून अर्ज केला. न्यायाधीश महाशयांनी शांतपणे विचारले, “पत्र आले केव्हा?” मी तारीख सांगितली. “आणि पाहिले केव्हा?” या दुसऱ्या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर होते, पण सबब नव्हती. खर्च भरण्याच्या अटीवर विलंब माफ झाला. तो खर्च मी भरला, हे सांगण्यात भूषण नाही. चिटणीस एवढेच म्हणाले, “वकीलसाहेब, पत्र पोचले म्हणजे झाले, असे आम्ही समजलो.” देवाच्या कामात माझ्या हातून झालेली ही चूक मनाला फार लागली.

कायदाही चिटणिसांच्याच बाजूचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याच्या १३ व्या कलमाचा आशय असा, की पत्र घेण्यासाठी आपण जे ठिकाण नेमून दिले असेल, त्या संगणकव्यवस्थेत ते शिरले की ते मिळाले असे धरावयाचे. आपण ते वाचले की नाही, हे कायदा विचारीत नाही. पत्र पावणे आणि पत्र पाहणे या दोन क्रियांमधील अंतराची जबाबदारी सर्वस्वी घेणाऱ्याची. ईमेलचा आरंभ १९७१ साली झाला. पण हा प्रश्न तेवढा नवा नाही. आपल्या पूर्वजांपुढे तो उभा होता, आणि त्यांनी त्याचे उत्तर शोधले होते. ते उत्तर शोधावयास उज्जैनहून फार दूर जावे लागत नाही.

अठराव्या शतकात माळव्यात मराठ्यांचा अंमल बसला, तेव्हा राणोजी शिंद्यांनी उज्जैन हे आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर शेणवी. श्रीमहाकालेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार ज्यांच्या हातून झाला तेच हे. सदाशिवरावभाऊंना कारभाराचे धडे त्यांच्याकडून मिळाले, असे इतिहासकार सांगतात. पुढे महादजींच्या काळी गोमंतकातील केरीचे जिवबादादा बक्षी यांनी शिंद्यांच्या फौजेत नाव काढले. समुद्रकाठचा हा समाज माळव्याच्या पठारावर आला तो तलवारीच्या बळावर जितका, तितकाच लेखणीच्या बळावर. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास आपले ठाणे ग्वाल्हेरास नेले. तोपर्यंत उत्तरेच्या राजकारणाचा फार मोठा पत्रव्यवहार उज्जैनशी निगडित होता.

त्या पत्रव्यवहाराचा पसारा डोळ्यांपुढे आणावा. दिल्लीस हिंगणे वकील, कोट्यास गुळगुळे, पुण्यास नाना फडणीस, आणि छावणी आज मथुरेकडे तर उद्या राजपुतान्यात. जासुदांच्या जोड्या पत्रे घेऊन धावत. पावसाळ्यात नद्या अडवीत, वाटेत शत्रू थैल्या लुटीत; म्हणून एकच मजकूर दोनदोन वाटांनी रवाना करावा लागे. त्यामुळे मागाहून निघालेले पत्र आधी पोचे आणि आधीचे मागाहून. अशा स्थितीत कोणते वर्तमान ताजे व कोणते शिळे हे कळावे कसे?

मराठी कारकुनाने यावर केलेला उपाय इतका साधा आहे, की जुनी पत्रे वाचताना आपले लक्ष त्याच्याकडे जातही नाही. पत्राच्या अखेरीस लिहिणाऱ्याची मिती असे. ‘छ’ हे चंद्राचे संक्षिप्त रूप घालून हिजरी महिन्याची तारीख लिहीत. परंतु पत्र पोचताच घेणारा कारकून त्याच्यावर दुसरी मिती घाली. तीच पैवस्ती, संक्षेपाने ‘पौ’. अमुक दिवशी हे पत्र पावले, एवढाच तिचा अर्थ. पेशवे दफ्तराच्या छापील खंडांतून पत्रामागून पत्रावर हा ‘पौ’ आढळतो. आज इतिहाससंशोधक त्यावरून पुण्याची बातमी उत्तरेस किती दिवसांत पोचली याचा हिशेब करतात. कारकुनाच्या मनात संशोधक नव्हता. आपल्या धन्यास उद्या कोणी विचारले तर उत्तर असावे, इतकेच त्याच्या मनात होते. त्या दोन अक्षरांइतक्या जागेत त्याने आपली जबाबदारी पत्करलेली असे.

नुसती मिती घालून काम संपत नसे. दिवसाचा व्यवहार रोजकीर्दीत चढे. रोजकीर्दीवरून खतावणी होई, म्हणजे ज्या त्या बाबीखाली ती ती रक्कम वा हुकूम जाऊन बसे. जाणाऱ्या पत्राचा मसुदा किंवा नक्कल मागे राही. मग कागद रुमालात बांधले जात. पुण्याच्या हुजूर दफ्तरात चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर असे दोन मोठे भाग होते. चालू कामाचे कागद पहिल्यात. साऱ्या खात्यांचे एकत्र केलेले, पुढे दाखल्यास लागणारे कागद दुसऱ्यात. आज ज्यांच्या टपालात दहा हजार ईमेल एकाच ढिगात पडलेल्या असतात, त्यांनी या भेदाचा विचार करावा. चालते काय आणि संपलेले काय, हे वेगळे न केल्यामुळेच चालते काम संपलेल्याखाली गाडले जाते.

या व्यवस्थेपुढे कागद कमी होते असे कोणी समजू नये. नाना फडणिसांच्या काळी या दफ्तरात दोनशेच्या आसपास कारकून खपत होते. ढीग मोठा होता. पण प्रत्येक कागदास मिती होती, जागा होती आणि तो ज्याच्या अंगावर असे असा माणूस होता. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत महाल इजाऱ्याने देण्याचा प्रघात वाढला. हिशेब पाहण्याची गरजच कोणास वाटेना. दफ्तरची माणसे पांगली, कागदांना वाली उरला नाही, आणि लोक ते उचलून नेऊ लागले. १८१८ साली राज्य गेले. पण त्याच्या किती तरी आधी दफ्तर गेले होते. व्यवस्था मोडते ती कागद वाढल्याने नव्हे, तर कागदाशी बांधलेला माणूस सुटल्याने.

याची झळ कोणाला लागली, हेही पाहिले पाहिजे. १८५२ च्या कायद्याने इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनला मोठे अधिकार मिळाले. इनामदारांना आपले हक्क कागदांवरून शाबीत करणे भाग पडले आणि पेशव्यांचे हे जुने दफ्तर तपासाचे मुख्य साधन बनले. देवळांच्या नंदादीपाला, नैवेद्याला, उत्सवाला पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या जमिनींचेही भवितव्य अशा नोंदींवर टांगले गेले. सनद हाताशी असेल किंवा दफ्तरात दाखला निघेल, त्याचा पाय स्थिर. ज्याच्यापाशी नुसता वहिवाटीचा शब्द, त्याला अडचण. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या अनामिक कारकुनाने सायंकाळी कंटाळा न करता केलेली नोंद कोणा देवापुढचा दिवा तेवत ठेवण्यास कारण झाली असेल. आणि एखाद्याने ‘उद्या करू’ म्हणून ठेवलेली नोंद तो विझण्यास.

व्यवस्थेने ठेवलेला कागद किती काळ बोलतो याची दोन उदाहरणे देतो. पेशवे दफ्तरातील हजारो रुमालांतून निवड करून रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड सिद्ध केले. ज्या गतीने हे काम झाले, ती जुन्या कारकुनांनी कागद बांधून ठेवले नसते तर केवळ अशक्य होती. दुसरे उदाहरण कोट्याच्या गुळगुळ्यांचे. शिंद्यांच्या या वकील घराण्याने आपल्याकडे आलेली पत्रे परक्या मुलखात पिढ्यान्पिढ्या सांभाळली. ग्वाल्हेरचे आनंदराव भाऊ फाळके यांनी ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेत ती उजेडात आणली, आणि उत्तरेतील मराठी राजकारणाची कित्येक पाने त्यामुळे वाचता आली. एका घराने आपले टपाल नीट ठेवले, त्याचे हे फळ.

खटल्याच्या त्या दिवसानंतर मी माझ्या कचेरीत जुनाच शिरस्ता घातला आहे. सकाळी एकदा आणि दुपारनंतर एकदा, अशा ठरलेल्या दोन वेळीच टपाल पाहावयाचे. पण पाहावयाचे ते शेवटपर्यंत. कामाची प्रत्येक ईमेल वहीत चढते: आली केव्हा, पाहिली केव्हा, तिची मुदत कोणती, आणि ती कोणाच्या अंगावर. उत्तर गेले की ती चालत्यातून निघून त्या त्या पक्षकाराच्या रुमालात जाते. हे रुमाल आता संगणकात असले तरी कचेरीत त्यांना रुमालच म्हणतात. जाहिरातींना आणि फुकटच्या प्रतींना पहिल्याच दिवशी निरोप. पत्र पाठविणाऱ्यास ‘पावले’ एवढे एका ओळीचे उत्तर त्याच दिवशी जाते. माझा तरुण साहाय्यक प्रथम हसला. “साहेब, यंत्र तर सर्व आपोआप लिहिते,” तो म्हणाला. यंत्र पत्र आल्याची वेळ लिहिते, हे खरे. परंतु ते पत्र मी पत्करले, हे यंत्राला लिहिता येत नाही.

उज्जैन ही कालगणनेची नगरी. प्राचीन ज्योतिष्यांनी आपली मध्यरेखा येथूनच धरली आणि सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात येथे वेधशाळा उभारली. ज्या नगरीने आकाशाचा काळ मोजला, तेथल्या वकिलाला आपल्या मेजावरचा काळ मोजता येऊ नये, याची मला लाज वाटली, ती योग्यच होती.

असो. देवस्थानचे अपील दाखल झाले आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण परवा चिटणिसांचे एक पत्र ईमेलने आले, उत्सवाच्या आमंत्रणाचे. त्यात मुदतीचे काही नव्हते. तरीही मी ते वहीत चढविले, पुढे ‘पौ’ लिहिले, आणि दिवे लागणीच्या आत त्यांना उत्तर धाडले.