एका कर्ण्यापासून आठ माइकपर्यंत : झाडीपट्टीचे संगीत घरी मुद्रित करताना

भाऊबीज सरली, धान घरात येऊ लागले की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्री नाटक उभे राहते. या नाटकांचे केंद्र वडसा, म्हणजेच देसाईगंज. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि झाडीपट्टीचे नाव दूरवर गेले. मात्र या नाटकांतील गाणी जपायची तर ती घरच्या खोलीत मुद्रित करण्यासाठी कोणता ऑडिओ इंटरफेस घ्यावा, हा आजच्या तरुण वादकांपुढचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात सापडते.

१९०२ मध्ये गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजानचा आवाज मुद्रित केला, तेव्हा माइक नव्हता. गायक आणि साथीदार एकाच कर्ण्यासमोर बसत. आवाजाचा तोल अंतराने साधावा लागे : गायक कर्ण्याजवळ, साथीची मंडळी मागे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. वन्समोअर घेत रंगणारी बालगंधर्वांची पदेही तबकडीवर तेवढ्याच वेळात बसवावी लागली. १९२५ च्या सुमारास विजेचा माइक आला, आवाज स्वच्छ झाला. तरी सारे एकाच खाचेत उतरत होते. तबला दबला तर कायमचा दबला.

ही अडचण बहुट्रॅक यंत्राने सोडवली. १९५७ मध्ये अँपेक्स कंपनीने लेस पॉल या गिटारवादकासाठी आठ ट्रॅकचे यंत्र दिले. १९७९ मध्ये टास्कॅमच्या पोर्टास्टुडिओने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घरात आणले. आपल्याकडे १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. पण मांडवात ठेवलेल्या टेपरेकॉर्डरवर गाणे, वाद्ये आणि प्रेक्षकांचा गलका एकजीव होऊनच उतरे.

म्हणून इंटरफेस घेताना आधी आपला संच मोजावा. समजा, गायक दोन, ऑर्गन एक, तबला-डग्गा दोन, क्लॅरिनेट एक, ऑक्टोपॅडचे दोन : आठ ट्रॅक झाले. ऑक्टोपॅड थेट तारेने जोडता येतो, उरलेल्यांना सहा माइक लागतात. खोक्यावर छापलेला ‘अठरा इनपुट’चा आकडा फसवा असतो, त्यात डिजिटल जोडण्याही धरलेल्या असतात. माइक थेट लावता येणारी तोंडे किती, ते पाहावे. कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टची सोय हवी. पैसे कमी असतील तर एडॅट ऑप्टिकल इनपुट असलेला लहान इंटरफेस घ्यावा. पुढे त्याला आठ माइकांचा प्रीअँप जोडता येतो. साठवणीची चिंता फारशी नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर आठ ट्रॅक मिनिटाला सुमारे ६९ एमबी जागा घेतात. पाच तासांचे नाटकही २१ जीबीत मावते.

दंडार, खडी गंमत यांची जाणती मंडळी आता थकत चालली आहेत. ढोलकीचा ट्रॅक वेगळा असेल तर उद्याचा शिकाऊ वादक तिचा एकेक बोल सुटा ऐकू शकेल; एकत्र मिसळलेल्या मुद्रणातून तो तितका स्वच्छ वेगळा काढता येत नाही. म्हणून मिश्रण झाल्यावरही मूळ ट्रॅक पुसू नयेत. कलावंतांची नावे, गाव आणि तारीख लिहून ते दोन निरनिराळ्या जागी ठेवावेत.