छपराचें रूप आणि छपराचा भार

वाशीम हें आज विदर्भांतील एका जिल्ह्याचें ठिकाण आहे. इतिहासाच्या वाचकांस मात्र त्याचें जुनें नांव अधिक परिचित असतें : वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. या शाखेंतील दुसऱ्या विंध्यशक्तीनें येथूनच दिलेला ताम्रपट १९३९ सालीं उजेडांत आला. पुढें याच शाखेंतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव यानें, इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, अजिंठ्याचें सोळावें लेणें खोदविलें. त्या लेण्यांतील चित्रांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आज आपण त्याच्या छताकडे वळूं. कारण संगणकावर छपराची कैची उभी करणाऱ्या आजच्या रचनाकारापुढें जो प्रश्न आहे, तो त्या छतांत फार पूर्वीं कोरून ठेवलेला आहे.

या लेण्याच्या मंडपाची पुढची ओवरी पाहावी. तिच्या छतांत दगडाच्या तुळया व वासे कोरलेले आहेत, आणि तुळयांच्या टोकांखालीं ठेंगणे गण व किन्नर, जणूं भार उचलून धरल्याप्रमाणें, बसविले आहेत. वस्तुतः तेथें उचलण्याजोगें कांहींच नाहीं. डोंगर आंतून पोखरला, वरचा खडक एकसंध राहिला, एवढेंच. ते वासे उद्यां छिन्नीनें तासून टाकले तरी छत ढळणार नाहीं.

हा प्रघात वराहदेवाच्या काळाहून पुष्कळ जुना. भाजें येथील चैत्यगृह ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतलें. त्याचे खांब आंतल्या बाजूस कललेले आहेत. लांकडी इमारतींत या कलण्याला अर्थ होता : कमानदार छपर खांबांना बाहेर रेटतें, त्या रेट्याला तोंड द्यावें म्हणून खांब आंत झुकवीत. खडकांत रेटा नाहीं, तरी झुकाव राहिला. कार्ल्यास खांब सरळ झाले. परंतु सुमारें १२४ फूट लांबीच्या त्या दालनाच्या दगडी छताला खऱ्या लांकडी कमानी बसविल्या, आणि त्या अजून तेथें आहेत. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या व सव्विसाव्या लेण्यांत तर त्या कमानीही दगडांतच कोरल्या. रूप पिढ्यान् पिढ्या टिकलें. त्या रूपाचें कारण मात्र त्यांतून निघून गेलें. अर्थात् हें कांहीं थोडें ऋण नव्हे. त्या काळचीं लांकडी छपरें केव्हांच नाहींशीं झालीं. तीं कशीं होतीं हें आपणांस कळतें तें बव्हंशीं या दगडी प्रतिकृतींमुळेंच.

तें कारण काय, हें एका साध्या छपरावरून ध्यानांत येईल. दोन वासे आढ्यापाशीं एकमेकांस टेकविले आणि वर कौलांचा भार घातला, कीं त्यांचे पाय बाहेर सरकूं पाहतात व भिंती ढकलूं लागतात. ते पाय एका आडव्या लांकडानें बांधले, म्हणजे त्रिकोण होतो. बाजूंची लांबी बदलल्यावांचून त्रिकोणाचा आकार बदलत नाहीं; चौकोन मात्र सहज तिरपा होतो. कैचीचें सारें रहस्य एवढेंच. इंग्रजी अमदानींत शाळा, कचेऱ्या व कारखाने यांवर अशा कैच्या सर्रास चढल्या. त्यांतील एका प्रकारांत मधोमध उभें लांकूड असतें. पाहणाऱ्यास वाटतें, हा खांब आढें तोलून धरतो. खरी गोष्ट नेमकी उलट आहे. तें लांकूड आढ्यापासून लोंबतें आणि खालच्या आडव्या लांकडाला मध्यें वांकूं देत नाहीं. तें दाब सोसत नाहीं, ताण सोसतें. डोळ्यांवर विसंबणाऱ्याची येथें फसगत होते.

ही फसगत टाळण्याचें शास्त्र एकोणिसाव्या शतकांत बनलें. १८६४ सालीं मॅक्सवेलनें आणि १८७२ सालीं इटलीच्या क्रेमोनानें, कैचीच्या प्रत्येक अवयवांत किती ताण वा दाब आहे हें पट्टीपेन्सिलीनें काढण्याची रीत सांगितली. पुढें १९६३ सालीं अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यांनीं संगणकाच्या पडद्यावर रेखाटन करण्याची आपली योजना प्रबंधरूपानें मांडली. तिच्या उदाहरणांत पुलाची कैची होती, आणि तिच्या अवयवांतील बलांचे आंकडे पडद्यावरच उमटत. रूप आणि भार हीं त्या चित्रांत एकत्र नांदत होतीं.

आज रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरांत रचनाकार एक रेघ ओढतो, कैचीचा नमुना निवडतो, आणि वरची दांडी, खालची दांडी व मधल्या तिरप्या पट्ट्या क्षणांत उभ्या राहतात. कैची छपराला जोडून दिली, कीं छपराचा उतार बदलतांच तीही बदलते. पूर्वीं याला नकाशे काढणाराचे दिवस लागत. परंतु दांडी जेवढ्या जाडीची सांगावी तेवढ्या जाडीची उमटते. ती पुरेशी आहे, असें तें चित्र म्हणत नाहीं. पत्र्याचें वजन किती, वारा किती, कैचीचें कोणतें टोंक पक्कें व कोणतें सरकतें, हें सांगून वेगळें गणित करावें लागतें. हलक्या पत्र्याच्या छपराला वादळी वारा वर उचलतो. तेव्हां एरवीं ताण सोसणारी खालची दांडी दाबाखालीं येऊन वांकूं शकते. घर फिरलें कीं वासेही फिरतात, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते.

म्हणून गोदामावर अगर शाळेवर छपर घालणाऱ्यानें सुबक चित्रावर संतुष्ट राहूं नये. त्यामागचें गणित मागावें. वराहदेवाच्या गणांना कांहीं उचलावयाचें नव्हतें, कारण त्यांच्यावर डोंगर स्वतःच उभा होता. आपल्या छपराखालीं मुलें बसावयाचीं असतात, आणि तेथें डोंगर नसतो.